घाटातील गाडी : बैलांचे कार्य आणि घर्षणाचा हिशेब

पुणे शहरातून हडपसरमार्गे सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे घाट लागतो. आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दरवर्षी हाच घाट चढते आणि त्या चढणीवर रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. हे दृश्य वारकऱ्यांच्या परिचयाचे आहे. जादा जोड्यांची गरज मात्र केवळ अनुभवाने ठरते असे नाही. ती पाटीवर मांडून काढता येते.

पदार्थविज्ञानात 'कार्य' या शब्दाला ठराविक अर्थ आहे. लावलेले बल आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू जितकी सरकली ते अंतर, यांचा गुणाकार म्हणजे कार्य. एक किलो वजन एक मीटर उंच उचलले की एक किलोग्रॅम-मीटर कार्य झाले. वस्तू हललीच नाही तर कार्य शून्य. चढणीवर थांबलेली गाडी केवळ मानेच्या जोरावर धरून ठेवणारा बैल घामाघूम होतो. शास्त्राच्या हिशेबी त्याने काहीच कार्य केलेले नसते. चाकामागे लावलेली दगडाची उटी तेच काम न थकता करते. जाणता गाडीवान विसाव्याला थांबताच प्रथम उटी लावतो, तो याचसाठी.

आता सामानासह एक हजार किलो वजनाची गाडी घ्यावी. चढण वीस मीटरला एक मीटर आणि रस्ता चार हजार मीटर लांब धरावा. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत; आपल्या गावच्या चढणीचे आकडे कार्यकर्त्याने स्वतः मोजून घालावेत. चार हजार मीटर चालून गेल्यावर गाडी दोनशे मीटर उंच जाते. नुसत्या उंचीसाठी एक हजार गुणिले दोनशे, म्हणजे दोन लक्ष किलोग्रॅम-मीटर कार्य करावे लागते. त्यासाठी सतत पन्नास किलोची ओढ हवी. चाक कोणतेही असो, रस्ता कसाही असो, या पन्नास किलोंत सूट नाही.

सूट मिळते ती घर्षणात. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि वंगणावाचून कोरडा पडलेला आस, अशी गाडी बऱ्या रस्त्यावर आपल्या वजनाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतका अडथळा करते असे धरले, तर तो चाळीस किलो झाला. एकूण ओढ नव्वद किलो. चांगला बैल दिवसभराच्या कामात आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ टिकवून धरतो. चारशे किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे ऐंशी किलो. क्षणभर ती याच्या कितीतरी पट जोर करील, पण चार किलोमीटरची चढण क्षणात संपत नाही. दहा किलोंची तूट बैलांच्या दमातून आणि खांद्यांतून वसूल होते. पावसाने रस्ता चिखलाचा झाला आणि अडथळा दहाव्या हिश्श्यावर गेला, तर ओढ दीडशे किलो होते. तेथे दुसऱ्या जोडीवाचून गत्यंतर नाही.

त्याच गाडीला रबरी टायर व बेअरिंग बसविल्यास अडथळा पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे वीस किलोवर, येऊ शकतो. ओढ सत्तर किलो झाली. जोडीच्या आवाक्यात आली. घाट चढण्याचे एकूण कार्य तीन लक्ष साठ हजारांवरून दोन लक्ष ऐंशी हजार किलोग्रॅम-मीटरवर उतरले. साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांचा प्रसार झाला त्यामागे हाच लाभ आहे.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाही. पुण्यात १८८६ साली उघडलेल्या मंडईत, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, सासवडकडचा माल बैलगाडीने जाई, तेव्हा भरलेली गाडी घाट चढत नसे, उतरत असे. आता हा माल टेम्पोने उतरतो. पण भरली गाडी उतारावरून नेण्याचा प्रसंग खेडोपाडी आजही येतो. उतारावर तेच पन्नास किलो गाडीला खाली लोटतात आणि घर्षण हा शत्रू न राहता सोबती होतो. जुन्या गाडीत घर्षणाचे चाळीस किलो वजा जाता बैलांच्या अंगावर दहा किलोंचा लोट उरे. टायरगाडीत तो तीस किलो उरतो. तिप्पट! ब्रेक नसेल तर हा सारा भार बैलांना मागे रेटून धरावा लागतो, आणि बैलाचे शरीर पुढे ओढण्यासाठी आहे, मागे रेटण्यासाठी नव्हे. पाय घसरला की गाडी जनावरांवर चढते.

म्हणून टायर बसविताना ब्रेकचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. तो पुढील हंगामावर ढकलू नये. ब्रेकनेही तीस किलोचा लोट चार हजार मीटर अडविला की एक लक्ष वीस हजार किलोग्रॅम-मीटर कार्याची उष्णता होते. साडेतीन लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास ती पुरेशी आहे. उताराच्या पायथ्याशी गाडी थांबवून ब्रेकच्या ठोकळ्याजवळ हात नेला, तर हा हिशेब हाताला कळतो. ठोकळा झिजून पातळ झाला असेल तर तो परतीपूर्वीच बदलावा.