कडेवर कोरलेले नाव

आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी एखादे काळवंडलेले पदक आणि विटलेली फीत, असा ऐवज जबलपुरात अनेक घरांत निघेल. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी, शिवाय ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्सची केंद्रे. हे शहरच फौजी! नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्याच वातावरणात वाढली.

भूदलाची पदके पुष्कळ, हवाई दलाची मात्र विरळा. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाकडे महायुद्ध पेटले तेव्हा अवघी एक स्क्वाड्रन होती. म्हणूनच धारातीर्थी पडलेल्या वैमानिकाचे पदक दिसले की संग्राहकाचे डोळे चमकतात.

पण ते ओळखायचे कसे? दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा किंवा मुकुट. तो सर्वांच्या पदकावर सारखाच. खरी गोष्ट असते कडेवर. क्रमांक, हुद्दा, नाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांची पदके नाव न घालताच वाटली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नावे उमटवली. ही काटकसर त्यांनी आपल्या बाबतीत केली नाही, हे नवलच म्हणायचे! तारकांवर, म्हणजे स्टारवर, नाव मागच्या बाजूला सापडते.

'१९३९-४५ स्टार' मिळण्यासाठी सहा महिन्यांची रणक्षेत्रातील सेवा लागे, विमानातील कर्मचाऱ्यांना दोन महिने. सेवेतच मृत्यू आला तर मुदतीची अट नसे. पदक पाहून हे कळत नाही. त्यासाठी नावाचा माग काढावा लागतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी येथे उपयोगी पडतात. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानात पश्चिम आणि मध्य भारतातील समाध्या हलवून आणल्या आहेत. ज्यांना समाधीच लाभली नाही, अशा अनेक हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. त्या स्मारकावर एकूण २४ हजारांहून अधिक नावे आहेत.

माग काढण्याने काय होते, हे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्या कथेवरून कळते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ला करायला गेलेले त्यांचे मिस्टेर विमान परतले नाही. काय घडले, ते आपल्याकडे कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाच्या पुस्तकात पाकिस्तानी बाजूची हकिकत आली: एका मिस्टेरने स्टारफायटरसारखे वेगवान विमान झुंजीत पाडले होते. धागे जुळवले गेले आणि १९८८ साली, तब्बल २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले.

इतकी वर्षे घरच्यांनी काय समजूत घालून काढली असतील!

अशा पदकांचा शत्रू कोण, तर चांदीचा भाव. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असे. १९८० साली भाव भडकले तेव्हा इंग्लंडात असंख्य पदके मुशीत गेली. दुसऱ्या महायुद्धाचे वॉर मेडल तांबे-निकेलचे. त्याला सराफ हात लावत नाही, ते भंगारवाल्याकडे जाते.

आपल्याकडे असे पदक असेल तर ते ब्रासो लावून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरे झिजतात. एकाच माणसाची पदके वेगवेगळ्या मुलांत वाटून टाकू नका. तार, पत्रे, वैमानिकाची उड्डाणवही असेल तर ती पदकाजवळच ठेवा. आणि कुणी परदेशी पाठवायला मागत असेल तर सावध राहा: शंभर वर्षे उलटलेल्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी ही शंभरी आता ओलांडली आहे.