एसजीपीटीच्या आकड्यामागचा ससा

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर ‘एसजीपीटी’ आणि त्यापुढचा आकडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. चाळिसाच्या आत असला की जीव भांड्यात, वर गेला की यकृताची काळजी. यकृतातलं हे एंझाइम रक्तात अगदी थोडं असतं, आणि त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही. मग ते मोजतात कसं? दुसऱ्या एका एंझाइमची साक्ष काढून. या साक्षीदाराचं नाव लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, लॅबमधल्या बोलीत एलडीएच. संशोधनासाठी विकत मिळणाऱ्या एलडीएचच्या बाटल्यांवर ‘सशाचा स्नायू’ किंवा ‘गोवंशाचं हृदय’ असा उगम आजही छापलेला असतो.

जिना धावत चढताना मांडीच्या स्नायूंना ऊर्जा तातडीने हवी असते. ऑक्सिजनची वाट न पाहता ते साखर फोडतात आणि त्यातून पायरुव्हेट तयार होतं. एलडीएच त्याचं लॅक्टेट करतं. या कामात एनएडीएच नावाचा रेणू खर्ची पडतो, आणि सगळी गंमत इथेच आहे. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. वापरला गेला की शोषत नाही. हा फरक मोजणीसाठी वापरण्याची पद्धत ऑटो वारबुर्ग यांनी १९३०च्या दशकात रुळवली.

एसजीपीटी अ‍ॅलानिनपासून पायरुव्हेट बनवतं. नळीत एलडीएच आधीच भरपूर घातलेलं असतं, त्यामुळे पायरुव्हेट तयार होताक्षणी संपतं आणि त्या हिशेबाने एनएडीएच घटतो. यंत्रावरची रेघ किती वेगाने उतरते, यावरून आकडा निघतो. रिपोर्टवरचे ४० युनिट म्हणजे लिटरभर रक्तद्रवात मिनिटाला ४० मायक्रोमोल इतकी क्रिया. न्यूयॉर्कच्या व्रुब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी १९५६ साली ही चाचणी मांडली. आजच्या किटमध्ये मात्र एलडीएच बहुधा जिवाणूंकडून करून घेतलेलं असतं.

एलडीएचचा रेणू चार तुकड्यांचा. तुकडे दोन प्रकारचे, स्नायूतला ‘एम’ आणि हृदयातला ‘एच’. त्यांच्या जुळणीतून पाच रूपं होतात. ट्रोपोनिन चाचणी येण्याआधी हार्ट अटॅकचं निदान करताना या रूपांचं प्रमाण पाहत. कोविडच्या दिवसांत डी-डायमर आणि फेरिटिनच्या शेजारी दिसणारं एलडीएच हेच; पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं.

१९४० साली हृदयाच्या स्नायूतून एलडीएचचे स्फटिक मिळवले हंगेरीच्या ब्रुनो श्ट्राउब यांनी. हेच गृहस्थ पुढे, १९८८ साली, त्या देशाचे राष्ट्रप्रमुख झाले! १९७०मध्ये मायकेल रॉसमन यांच्या गटाने, आपल्याकडच्या मुशीसारख्या छोट्या शार्कच्या स्नायूतल्या एलडीएचची रचना उलगडली. त्यात सापडलेली विशिष्ट घडी नंतर कितीतरी एंझाइमांत दिसली आणि रॉसमन यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

ससाच का? त्याच्या पाठीच्या आणि मांडीच्या पांढऱ्या स्नायूंत साखर फोडणारी एंझाइमं ठासून भरलेली असतात, आणि प्रयोगशाळेत तो सहज उपलब्ध होता. बाटलीत मिळतो तो अमोनियम सल्फेटमधला पांढुरका, दुधाळ द्रव. फ्रिजमध्ये ठेवायचा, पण गोठू द्यायचा नाही.

पेशीतली मोटर-प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, किती वेगाने खर्च करतात हे पाहायचं असेल, तर सशाचंच पायरुव्हेट कायनेज एलडीएचच्या जोडीला घेतात. वापरलेलं एटीपी परत भरताना कायनेज पायरुव्हेट तयार करतं, ते एलडीएच संपवतं, आणि म्हणून खर्च झालेल्या प्रत्येक एटीपीमागे एक एनएडीएच घटतो. पण स्नायूतून काढलेल्या मालात इतर एंझाइमांचे अंश राहून जातात, आणि तेही गुपचूप एटीपी खाऊ शकतात. म्हणून जाणता संशोधक मुख्य प्रथिन न घालता एक नळी आधी लावतो. तिचीही रेघ उतरू लागली, तर ती उतरण हिशेबातून वजा करावी लागते. फारच उतरली, तर महागामोलाची बाटली बाजूला ठेवून नवी मागवावी लागते.