कोण जिंकणार? अमेरिकेतील शाळकरी फुटबॉल आणि अंदाजाचे गणित

अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस शाळांचा फुटबॉल सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रत्येक राज्याचा विजेता ठरतो. सामने बहुधा जुम्याच्या संध्याकाळी होतात. लहान गावांत त्या दिवशी दुकाने लवकर बंद होतात आणि सारे गाव मैदानावर जमते. मग न्हाव्याच्या दुकानात, चहा-कॉफीच्या टपरीवर, स्थानिक वर्तमानपत्रात एकच प्रश्न असतो: यंदा कोण जिंकणार? आपल्या अनेक घरांतील मुले-नातवंडे आज तिकडच्या शाळांत शिकत आहेत, त्यामुळे हा प्रश्न फोनवरून आपल्याही कानांवर येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळायचा किंवा फेकायचा असतो. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. अकरा-अकराचे संघ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याचा. पलीकडच्या टोकाला पोचलात तर सहा गुण. खेळणारी मुले चौदा ते अठरा वर्षांची.

गंमत म्हणजे सुरुवातीला पुष्कळ राज्यांत विजेता मैदानावर ठरतच नसे. हंगाम संपला की क्रीडा पत्रकार मत देत आणि ज्याला जास्त मते तो राज्याचा पहिला. मिशिगन राज्यात बाद फेरीचे सामने १९७५ मध्ये सुरू झाले. त्याआधी तिथे लोकांचे मत हाच निकाल होता. टेक्सासने फार आधी, १९२० मध्ये, अंतिम सामना खेळवला. क्लिबर्न आणि ह्यूस्टनच्या हाइट्स शाळेचा तो सामना ०-० असा सुटला आणि दोघांनाही विजेते मानावे लागले. त्या वर्षी कुणाचाच अंदाज चुकला नाही, असे म्हणायला हरकत नाही!

ओहायो राज्याने १९७२ मध्ये बाद फेरी सुरू केली, तेव्हा प्रश्न आला की शेकडो शाळांतून मोजक्या निवडायच्या कशा? सगळ्या शाळा एकमेकींशी खेळू शकत नाहीत. हंगामात प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम दहा सामने येतात. तिथे जॅक हार्बिन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत स्वीकारली गेली. तिचा गाभा साधा आहे. तुम्ही जिंकलात तर गुण मिळतात, मोठ्या शाळेला हरवले तर जास्त. शिवाय ज्यांना तुम्ही हरवले, ते हंगामात जितके सामने जिंकतील त्याचेही गुण तुमच्या खात्यात येतात. म्हणजे दुबळ्यांना हरवून फुशारकी मारता येत नाही. आणि या पद्धतीतली मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी की किती गुणांच्या फरकाने जिंकलात हे त्यात मोजलेच जात नाही. सात गुणांनी जिंका की सत्तर, हिशोब तोच. हरलेल्या पोरांना आणखी तुडवण्याचे कारणच उरत नाही.

अंदाज बांधणारे मात्र फरकही पाहतात. आज संगणकावर चालणाऱ्या अनेक पद्धतींचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी खेळाडूंना अंक देण्याची रीत बसवली. प्रत्येकाला एक अंक, जिंकला की वाढतो, हरला की घटतो. बलाढ्याला हरवले तर खूप वाढतो, दुबळ्याला हरवले तर किंचित. दोघांच्या अंकांत १०० चा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६, आणि ४०० चा असेल तर ९१. आपल्या मुलांना हे गणित दाखवण्यासारखे आहे, कारण यात भविष्य सांगण्याचा कुठलाही दावा नाही. कालच्या निकालांवरून उद्याबद्दल किती खात्री बाळगावी, एवढेच ते सांगते. हात पाहून किंवा तारे पाहून सांगणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. गैबचे ज्ञान अल्लाहकडेच आहे आणि गणिताला त्याची जाणीव असते, म्हणून तर ते कधी शंभर टक्के म्हणत नाही.

आता पाहा, हे टक्के साखळीत कसे झिजतात. टेक्सासच्या सर्वात मोठ्या गटात विजेता होण्यासाठी बाद फेरीचे सहा सामने ओळीने जिंकावे लागतात. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामन्यात त्याची शक्यता ८० टक्के आहे. सहाही जिंकण्याची शक्यता किती? ०.८ ला सहा वेळा गुणा, उत्तर येते २६ टक्के. म्हणजे ज्याला सारे गाव नक्कीचा विजेता म्हणते, तो चारपैकी तीन वेळा करंडक आणत नाही. प्रत्येक वेळी ९० टक्के धरली तरी उत्तर ५३ च. हे कळले तर डिसेंबरमध्ये रडणाऱ्या कितीतरी पोरांना घरचे लोक वेगळ्या नजरेने पाहतील.

अंतिम सामन्याची तर आणखी एक अडचण आहे. पहिल्या फेरीत बलवान आणि दुबळे समोरासमोर येतात, तिथे कोणीही बरोबर सांगेल. शेवटी उरतात ते दोन्ही तगडे असतात, त्यामुळे फरक अगदी थोडा. घरच्या मैदानाचा फायदाही संपतो. मिशिगनचे अंतिम सामने २००५ पासून डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड या मोठ्या बंदिस्त मैदानात होतात, तिथे दोघेही पाहुणे. ज्या सामन्याबद्दल सर्वांना सर्वाधिक उत्सुकता, त्याच सामन्यात अंदाज सर्वात कमकुवत.

शिवाय शाळेचा संघ म्हणजे वाहते पाणी. दरवर्षी मोठी मुले पास होऊन निघून जातात. डेव्ह कॅम्पबेल या वेको शहरातील क्रीडा संपादकाने १९६० मध्ये टेक्सासच्या फुटबॉलवर वार्षिक मासिक काढले. हंगामाआधी प्रत्येक शाळेचा अंदाज त्यात छापून येतो आणि लोक ते वर्षभर जपून ठेवतात. त्यात हमखास पाहिला जाणारा आकडा असतो: गेल्या वर्षीचे किती मुख्य खेळाडू यंदा परत आले? आकडा चांगला आहे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण चार इंच वाढला आणि कोणाच्या घरी काय घडले, हे त्याला ठाऊक नसते.

कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्डची डे ला साल ही शाळा १९९२ पासून २००४ पर्यंत ओळीने १५१ सामने जिंकली. बारा हंगाम! पहिल्या वर्षी खेळलेली मुले तोवर तिशीकडे झुकली होती. कोणत्याही अंकपद्धतीने या शाळेच्या विरुद्ध अंदाज दिला नसता. २००४ च्या ऑगस्टमध्ये याच संघातून नुकताच बाहेर पडलेला, सगळ्यांचा लाडका एक मुलगा कॉलेजला निघण्याच्या दोन दिवस आधी गोळीबारात मारला गेला. काही आठवड्यांनी हंगामाचा पहिला सामना होता, वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शाळेशी, सिएटलमध्ये. बेलव्ह्यूने तो ३९-२० असा जिंकला. हरण्याचे कारण तेच होते असे मी म्हणणार नाही, बेलव्ह्यूचा संघही उत्तम होता. पण ती पोरे कोणते ओझे घेऊन मैदानात उतरली होती, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

आपल्या जवळचा असाच एक रकाना आहे, रमजानचा. डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न नावाचे शहर आहे, फोर्ड मोटारींचे माहेर. कारखान्यातील कामासाठी लेबनॉन, येमेन आणि इतर देशांतून आलेल्या कुटुंबांनी तिथे वस्ती केली. तिथल्या फोर्डसन शाळेत बहुसंख्य मुले अरब मुस्लिम घरांतील आहेत. शाळेच्या संघाचे टोपणनाव ट्रॅक्टर्स, कारण फोर्डसन हे फोर्डच्या ट्रॅक्टरचे नाव. २०१० मध्ये रमजान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला, नेमका सरावाच्या दिवसांत. कडक ऊन, पंधरा-सोळा तासांचा रोजा आणि अंगावर ती जाड गाद्यांची खोगिरे. प्रशिक्षक फौआद झाबान यांनी सरावाची वेळच बदलली. मैदानाचे दिवे लावून रात्री अकराला सराव सुरू, पहाटे चारच्या सुमारास बंद, मग सहरी. संघात रोजा न ठेवणारी मुलेही होती, तीही त्याच वेळेला आली. या संघावर रशीद गाझी यांनी काढलेला माहितीपट २०११ मध्ये आला. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शेजारच्या डिअरबॉर्न हाय शाळेविरुद्धच्या सामन्याची तयारी त्यात दिसते. मुलांना घरी बसून पाहता येईल असा तो आहे.

अंदाज सांगणारा संगणक इथे काय करील? रोजेदार थकतील म्हणून अंक कमी करील, की एकत्र रात्र जागलेला संघ घट्ट होतो म्हणून वाढवील? मला वाटते, दोन्हींपैकी काहीही ठरवणे धाडसाचे आहे. चंद्राच्या हिशोबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो फेब्रुवारीच्या सुमारास येतो, म्हणजे फुटबॉलचा हंगाम मोकळा. पण २०३३ च्या सुमारास तो नोव्हेंबरच्या अखेरीला पोचेल, मिशिगनच्या अंतिम सामन्यांच्या आठवड्यात. तेव्हा तिकडे संध्याकाळी पाचच्या आसपास मगरिब होते. रात्रीच्या सामन्याला फोर्डसनची मुले इफ्तार करून, ताजीतवानी होऊन उतरतील! अर्थात तोवर आजचा एकही खेळाडू शाळेत नसेल.

आता पैशाची गोष्ट. खेळावरच्या सट्ट्याला बहुतेक राज्यांत रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केला. त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला. तरीही शाळकरी खेळांना बहुतेक ठिकाणी त्यातून बाहेर ठेवले आहे. कारण उघड आहे. सट्टेबाजाला नुसता विजय पुरत नाही. एक संघ वीस गुणांनी वरचढ मानला असेल तर तो एकवीसने जिंकावा, यावर पैसे लागतात. एकीकडे मिशिगनमध्ये उत्तरार्धात फरक ३५ गुणांवर गेला की घड्याळ न थांबवता सामना लवकर उरकतात आणि प्रशिक्षक एरवी बाकावर बसणाऱ्या लहान पोरांना मैदानात पाठवतात. सट्टेबाज नेमका तेव्हा चिडतो. सोळा वर्षांच्या मुलाने चेंडू सोडला म्हणून कुणाचा पगार बुडाला, तर शिव्या त्या मुलाला पडतात.

आपल्या वाचकांना इथे सूरह रूमची आठवण येईल. इराण्यांकडून हरलेले रोमन काही वर्षांत पुन्हा विजयी होतील, असे भाकीत तिच्यात आहे. मक्केतील मुशरिकाने ते खोटे मानले, तेव्हा हजरत अबूबकर (रजि.) यांनी त्याच्याशी उंटांची पैज लावली, अशी रिवायत आहे. मुफस्सिरीन तिथेच नोंदवतात की हे जुगार हराम होण्याच्या आधीचे आहे. पुढे सूरह माइदात मनाई आली. म्हणजे जिथे निकाल अल्लाहच्या वचनाने नक्की होता, तिथली पैजसुद्धा नंतर चालवायची रीत राहिली नाही. मग २६ टक्क्यांवर लावलेल्या पैशाबद्दल काय बोलावे! आपल्या देशातही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. ‘फक्त ४९ रुपयांत संघ बनवा’ अशा जाहिराती पाहत वाढलेल्या मुलांना अंदाज आणि पैज यांतला फरक घरातच समजावावा लागेल.

त्यासाठी अंदाज बंद करायची गरज नाही. उलट तो नीट करायला शिकवा. अमेरिकेतील हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासण्याची सोपी रीत दिली, ती खेळालाही लागू पडते. एक वही घ्या. सामन्याआधी प्रत्येकाने आपली टक्केवारी लिहावी. अब्बांनी ८० टक्के लिहिले आणि तो संघ जिंकला, तर ०.२ चा वर्ग, म्हणजे ०.०४ दंड. हरला तर ०.८ चा वर्ग, ०.६४. जो दरवेळी ५० टक्के लिहितो त्याला नेहमीच ०.२५. वर्षाअखेरीस ज्याची सरासरी सर्वात कमी, तो घरातला खरा जाणकार. छातीठोकपणे १०० टक्के लिहिणारा एका चुकीत पूर्ण एक दंड भरतो. घरातल्या मोठ्यांची फजिती पाहायला मुलांना फार आवडते.

निकाल मात्र पक्का झाल्यावरच वहीत चढवा. १९८८ मध्ये टेक्सासच्या उपांत्य सामन्यात डॅलसच्या कार्टर शाळेने ओडेसाच्या पर्मियन शाळेला १४-९ असे हरवले. पर्मियनच्या त्या हंगामावर पुढे प्रसिद्ध पुस्तकही निघाले. अंतिम सामन्यात कार्टरने कन्व्हर्सच्या जडसन शाळेला ३१-१४ ने नमवले आणि करंडक नेला. पण टेक्सासमध्ये १९८४ पासून नियम होता की विषयात नापास तो मैदानाबाहेर. कार्टरच्या एका खेळाडूचे बीजगणिताचे गुण खरोखर पास होण्याइतके होते का, यावर हंगामभर वाद आणि कोर्टकचेरी चालू होती. शेवटी निर्णय कार्टरच्या विरुद्ध गेला, विजेतेपद काढून घेतले गेले आणि ते सतरा गुणांनी हरलेल्या जडसन शाळेच्या नावावर लागले.