आरोपाविना तुरुंग आणि बाबासाहेबांचे कलम २२

१४ एप्रिल २०२० रोजी देशभर टाळेबंदी होती. घराघरात दिवे लावून आपण भीमजयंती साजरी करीत होतो. त्याच दिवशी प्रा. डॉ. आनंद तेलतुंबडे मुंबईत राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. बाबासाहेबांच्या घराण्याचे जावई, जातिप्रश्नाचे गाढे अभ्यासक. ते बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे संविधान दिनी! जयंतीला आत आणि संविधान दिनाला बाहेर. मधली अडीच वर्षे गेली, पण न्यायालयात त्यांच्यावरचे आरोप निश्चित झालेले नव्हते. जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, त्यांचा दहशतवादी कृत्यात सहभाग प्रथमदर्शनी दिसत नाही. मग ती अडीच वर्षे कोणत्या गुन्ह्याची शिक्षा होती?

हा प्रश्न एका विद्वानाचा नाही. तो आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराचा आहे.

आधी कायदा समजून घेऊ. साध्या गुन्ह्यात पोलिसांनी ६० किंवा गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये दुरुस्ती झाली आणि ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविता येऊ लागली. त्याच दुरुस्तीत आणखी एक पाचर मारली गेली. पोलिसांचे कागद पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही! बचाव ऐकायचा तो खटल्यात. आणि खटला केव्हा सुरू होणार? त्याला मुदत नाही. आरोपपत्र दाखल होणे वेगळे आणि न्यायालयाने आरोप निश्चित करणे वेगळे. या दोहोंच्या मधल्या खड्ड्यात माणसाची वर्षेच्या वर्षे गाडली जातात.

‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०११ मध्ये त्यांना वर्ध्यात अटक झाली. सुमारे ४० महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या महिन्यांची भरपाई कोणी दिली? जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला. साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोप तेव्हाही निश्चित नव्हते. याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच, ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत गेले.

कोणी म्हणेल, देशाच्या सुरक्षेपुढे व्यक्तीचे काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे मेले, ते गाडीची वाट पाहणारे गोरगरीब प्रवासी होते. बॉम्ब जात, धर्म विचारत नाही. खुद्द बाबासाहेबांनीही हा प्रश्न टाळला नव्हता. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत आजचे कलम २२ मांडले. अटकेचे कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, हे हक्क त्यात आले. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा दिली गेली. राज्य नवे होते, परिस्थिती स्फोटक होती. पण त्यांनी त्या अधिकाराला वेसण घातली. तीन महिन्यांपुढे डांबायचे तर न्यायाधीशांच्या सल्लागार मंडळाची संमती हवी, असे सर्वसाधारण बंधन घातले. अधिकार दिला तर त्याला मुदत हवी आणि त्यावर पहारेकरी हवा, हा त्यातला धडा आहे.

राज्यकर्त्यांनी अधिकार उचलला आणि वेसण टाकून दिली! आणीबाणीनंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणली. पण ते कलम लागू करण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. काँग्रेस आली, जनता आली, भाजप आला. या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत!

बरे, एवढे करून दहशतवाद थांबला का? टाडाखाली सुमारे ७६ हजार लोक धरले गेले. शिक्षा झाली ती मूठभरांना. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. ज्या समाजाची माणसे मेली, त्याच समाजाचे नऊ जण पकडले गेले. पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्याआधीच राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्या लोकांवर आरोप ठेवले होते. चुकीचा माणूस आत टाकला की एक निरपराध कुटुंब उद्ध्वस्त होते, एवढेच नाही. खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो आणि बळींच्या घरच्यांना न्याय मिळत नाही. म्हणजे हा मार्ग सुरक्षेचाही नाही.

आपल्याला हे नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच संशय चिकटवला होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात माणसे पिढ्यान्‌पिढ्या डांबली गेली. १९५२ मध्ये कायदा गेला, नजर गेली नाही. आज देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. लोकसंख्येत १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जातींचा वाटा कच्च्या कैद्यांत मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, त्याचा खटला कोण चालवणार?

म्हणून जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा आपले कान टवकारायला हवे होते. मोर्चा, पत्रक, कलापथक ही आपल्या चळवळीची हत्यारे आहेत. ती कोणत्या दिवशी ‘बेकायदा कृत्य’ ठरतील, याचा नेम नाही.

मागणी साधी आहे. दहशतवाद्याला जरूर पकडा, पुरावा आणा, शिक्षा करा. पण आरोप निश्चितीला आणि खटल्याला मुदत घाला. मुदत टळली तर जामीन द्या. २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटला रखडल्यास जामीन देता येतो असे म्हटलेच आहे. ते न्यायाधीशाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहा. निर्दोष सुटलेल्याला भरपाई द्या. ४४ व्या दुरुस्तीचे ते रखडलेले कलम लागू करा.

बांधवांनो, २६ नोव्हेंबरला आपण उद्देशिकेचे सामूहिक वाचन करतो. पुढच्या वेळी तिच्यासोबत कलम २२ ही वाचा. वस्तीतल्या तरुणांना सांगा की, पोलीस घेऊन गेले तर २४ तासांचा हक्क बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. आपल्याला माहीत नसलेला हक्क दुसरा कोणी मागून देणार नाही.