दहा-वीसचं दशक

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वे सुटली. कित्येक दशकं मागत आलेली रेल्वे. त्या दिवसाचे फोटो पुढे बरेच दिवस फिरत होते आणि मी ते बारकाईने पाहत होतो. बहुतेक सगळे मोबाइलच्या ‘पॉइंट फाइव्ह’वर, म्हणजे त्यातल्या सगळ्यांत रुंद लेन्सवर काढलेले. इंजिनाचं नाक अंगावर आलेलं, मधली माणसं इवलीशी आणि कडेला उभ्या असलेल्यांची डोकी ताणून लांब झालेली. इतका मोठा दिवस, पण मोठा करून भिंतीवर लावावा असा एकही वाइड फोटो माझ्या पाहण्यात आला नाही. ओळखीच्या एका तरुण फोटोग्राफरला विचारलं, तुझ्याकडे वाइड नव्हती का? तो म्हणाला, “सर, आता वाइड कोण घेतं? मोबाइलला आहे की.”

हे मला लागलं. याच जिल्ह्यात एका वाइड लेन्ससाठी लग्नाचा अख्खा सीझन बाजूला टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. सिग्माची 10-20 मिलिमीटरची वाइड लेन्स बाजारात आली ती 2005 साली. तिला आता वीस वर्षं होऊन गेली. तिच्यासकट सगळ्या ‘बाहेरच्या’, म्हणजे कॅमेऱ्याची कंपनी सोडून इतरांनी बनवलेल्या लेन्सांनी आम्हाला काय दिलं, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

रिळाच्या जमान्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्टुडिओत 50 ची लेन्स, लग्नाला 28 किंवा 35-70. काम भागत होतं. 2000 नंतरची पहिली काही वर्षंही सोडून देतो. डिजिटल घ्यावा की न घ्यावा, या वादातच ती गेली. खरी अडचण कळली ती डिजिटल घेतल्यावर. आमच्या ऐपतीतल्या एसएलआरचा सेन्सर रिळाच्या चौकटीहून लहान होता, निकॉनमध्ये दीडपट आणि कॅननमध्ये 1.6 पट. जुनी 24 ची लेन्स त्यावर 36-38 सारखी वागायची. सोबत मिळणारी किट लेन्स 18 पासून सुरू व्हायची, म्हणजे रिळाच्या हिशेबाने जेमतेम 28. हळदीच्या घरात सगळी भावकी एका चौकटीत घ्यायची तर मागे सरकावं लागतं आणि आमच्याकडच्या घरांत मागे भिंत असते.

कॅमेरा कंपन्यांकडे उपाय होता. निकॉनची 12-24 आली 2003 मध्ये, कॅननची 10-22 आली 2004 मध्ये. दोन्ही उत्तम, दोन्ही आवाक्याबाहेर. मग टोकिनाने 2004 मध्ये स्वतःची 12-24 काढली, निकॉनच्या जवळजवळ निम्म्या किमतीला. पाठोपाठ सिग्माची 10-20, टॅमरॉनची 11-18 आणि नंतर 10-24 आली. 2008 च्या सुमाराला टोकिनाची 11-16 हातात पडली, ती तर एफ 2.8. इतकी उजेडाची वाइड झूम त्या वेळी कॅनन किंवा निकॉननेही लहान सेन्सरसाठी काढलेली नव्हती.

तिथून पुढची दहा वर्षं मी जगलो. 18 वर साधारण 75 अंश दिसतात, 10 वर शंभराच्या पुढे. हा फरक कागदावर लहान वाटतो. बीडच्या कंकालेश्वराच्या कुंडाच्या काठावर उभं राहिलात की कळतो: एका बाजूचा काठ, पाणी, मधोमध पाण्यात उभं देऊळ आणि वरचं आभाळ, सगळं एकदम येतं. किट लेन्सला यातलं काहीतरी सोडून द्यावंच लागायचं.

निवड मात्र सोपी नव्हती. बीडमध्ये या लेन्स दुकानात मांडलेल्या नसायच्या. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठायचं, नाहीतर थेट मुंबईचा बोरा बाजार. बरोबर स्वतःची बॉडी न्यायचीच. कारण पहिला प्रश्न मोटरचा. निकॉनच्या डी 40, डी 3000, डी 5000 यांच्या पोटात फोकसची मोटर नाही. डी 90 मध्ये आहे. सिग्माच्या 10-20 मध्ये स्वतःची मोटर होती, टोकिनाच्या निकॉनसाठीच्या पहिल्या 11-16 मध्ये नव्हती. डी 5000 वाल्याने टोकिना घेतली की ऑटोफोकस गेला. 2012 मध्ये टोकिनाने दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा निकॉनवाल्यांची सोय झाली. त्याआधी ज्यांनी घेतली त्यांना आम्ही एकच सांगत असू: 11 वर ठेवा, एफ 8 लावा, फोकसची रिंग तीन फुटांवर आणून सोडा. दीड फुटापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. उजेडात वाइडला मोटर लागतेच असं नाही; मांडवात लागते.

दुसरी परीक्षा दुकानाच्या दारात. लेन्स चढवायची, 10 वर न्यायची, अॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि रस्त्यापलीकडचं एखादं बंद शटर अगदी समोरून टिपायचं. शटरच्या आडव्या पट्ट्या खोटं बोलत नाहीत. फोटो स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे एकेक करून पाहायचे. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एफ 8 वर बरेच सुधारतात. पण डावीकडच्या पट्ट्या मोजता येतात आणि उजवीकडच्या पुसट, असं दिसलं तर आतली एखादी काच तिरकी बसलेली. तो नग परत आणि दुसरा काढायला सांगायचं. एका दुकानदाराने याच कारणावरून मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं: “फोटो काढायचेत की भिंग तपासायचंय?” मी दुसरा नग घेऊनच बाहेर पडलो. त्याचे चारही कोपरे अजूनही सारखे येतात.

आता जुना हिशेब. त्या काळी जिल्ह्यातल्या मोठ्या स्टुडिओवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “कंपनीची नाही ना? मग दोन नंबरचा माल.” स्पर्धेच्या परीक्षकांपैकी एक जण फोटो पाहण्याआधी लेन्स विचारायचे. टोकिनाच्या 12-24 ची काचांची रचना पेंटॅक्सबरोबर मिळून केलेली होती आणि पेंटॅक्सने तीच रचना स्वतःच्या नावाने विकली, हे मी तेव्हाही सांगत होतो. तीच काच एका डबीत ‘कंपनीची’ आणि दुसऱ्या डबीत ‘दोन नंबरची’ कशी होते? सिग्मा आपल्या लेन्स जपानातल्या आयझूच्या कारखान्यात बनवते. टॅमरॉन आणि टोकिना या दोन्ही कंपन्या 1950 पासून याच धंद्यात आहेत. लेन्सवरचं नाव पाहून फोटोचं मोल करणाऱ्यांनी कितीतरी पोरांची उमेद मारली. त्यांतले काही पुढे कॅमेरा विकून दुसऱ्या धंद्याला लागले. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

उणिवा होत्याच, त्या लपवायच्या कशाला? टोकिनाची 11-16 सूर्य समोर आला की चौकटीत डाग पाडते आणि फांद्यांच्या कडांना जांभळी किनार लावते. सिग्माची ती पहिली 10-20 एका टोकाला एफ 5.6 वर जाते, मग संध्याकाळच्या वरातीत आयएसओ चढवावा लागतो. सगळ्यांत मोठी गोम वेगळीच. कॅननने आपल्या कॅमेऱ्याची भाषा कुणाला सांगितलेली नव्हती. बाहेरच्या कंपन्यांनी ती उलगडून आपल्या चिपमध्ये बसवली. नवा कॅमेरा आला की सिग्माच्या काही जुन्या लेन्स त्यावर एरर दाखवायच्या. म्हणूनही बॉडी बरोबर न्यायची.

एवढं सांभाळून हाती काय आलं? अंबाजोगाईचा हत्तीखाना. खडकात कोरलेला खांबांचा मंडप, अंगणात दगडी हत्ती आणि आत दुपारीही अंधार. तिथे एफ 2.8 चं मोल कळतं. 2016 चा उन्हाळा. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या तळाशी भेगा पडलेल्या जमिनीचे फोटो काढायला सगळा देश आला. मला त्यापेक्षा चारा छावणीतले फोटो महत्त्वाचे वाटतात. एका गाईचं तोंड हातभर अंतरावर आणि तिच्यामागे दाव्याला बांधलेल्या जनावरांची रांग संपतच नाही. असा फोटो वाइडच देते, कारण ती जवळचं जवळ ठेवते आणि लांबचं सोडत नाही.

आणि कोपी. दिवाळीनंतर आमची गावं रिकामी होतात, माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याजवळ बांबू, चटई आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत मी दाराशी उकिडवा बसलो होतो. आत पूर्ण उभं राहता येत नाही. डाव्या हाताला तीन दगडांची चूल, उजवीकडे पाण्याची घागर, आडव्या बांबूला बांधलेली झोळी, पाचटात खोचलेले दोन कोयते आणि मधोमध भाकरी थापणारी बाई. 11 वर सगळं आलं. बाईला चौकटीच्या मधोमध ठेवलं, म्हणून तिचा चेहरा चेहराच राहिला. वाइडचा पहिला धडा हाच: माणूस कडेला न्यायचा नाही. ज्यांनी लेन्सला पैसे मोजले, त्यांनी हा धडा गिरवला. फुकट मिळालेल्या पॉइंट फाइव्हने तो कुणाला शिकवला नाही.

2014 मध्ये कॅननने 10-18 आणली. 240 ग्रॅमची, स्वस्त, हात हलला तरी सावरून घेणारी. 2017 मध्ये निकॉननेही तशीच 10-20 काढली. डी 90 आणि डी 3000 वर मात्र तिचा ऑटोफोकस चालत नाही. बाहेरच्यांनी दहा वर्षं बाजार धरून ठेवला नसता तर ही स्वस्ताई आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

पुढचा काळ मला कंटाळवाणा आणि थोडा चीड आणणारा वाटतो. मिररलेसचे दिवस आले. सोनीने आपल्या माउंटची मूलभूत माहिती 2011 मध्येच इतर कंपन्यांसाठी खुली केली होती. कॅननने मात्र 2018 मध्ये नवा आरएफ माउंट आणला आणि 2022 मध्ये पेटंटचा मुद्दा काढून बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सांना अटकाव केला. सिग्मा आणि टॅमरॉनला रीतसर परवानगी मिळाल्याचं जाहीर झालं 2024 च्या एप्रिलमध्ये, तीही लहान सेन्सरच्या लेन्सांपुरती. दरम्यान आमच्याकडच्या पोरांनी स्वस्तातली नवी बॉडी घेतली, किटच्या 18-45 वर काम सुरू केलं आणि वाइडसाठी खिशातला मोबाइल काढला. 2019 च्या आयफोन 11 मध्ये अल्ट्रावाइड आली, ती रिळाच्या हिशेबाने 13 ची, आमच्या दहापेक्षाही रुंद. रुंदी मिळाली. पण तिच्यामागे असतो नखाएवढा सेन्सर, आणि मांडवातल्या दिव्यांत तो चेहऱ्यांचा लगदा करतो. परवानगीची वाट पाहण्यात जी वर्षं गेली, त्यांत एका पिढीची निवड करण्याची सवयच मोडली. दुकानाच्या दारात उभं राहून शटर टिपणारा आता क्वचित दिसतो. लेन्स घरपोच येते. कोपरे कुणी पाहत नाही आणि परत करायची मुदत निघून जाते.

आज कुणी विचारलं तर माझं उत्तर बदललेलं नाही. जुनी एसएलआर असेल तर टोकिनाची 11-16 दुसरी आवृत्ती सेकंडहॅंड शोधा. काचेत टॉर्च मारून फंगसचे धागे आहेत का ते पाहा, आपल्या बॉडीवर चढवा आणि चारही कोपरे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. नवी आरएफ बॉडी असेल तर सिग्माची 10-18 एफ 2.8 आधी हातात घेऊन बघा, मग ठरवा.

आणि ज्यांच्या कपाटात अशी एखादी लेन्स पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे. ती बाहेर काढा, उन्हात नव्हे, सावलीत पुसा. बीडच्या खजाना बावडीचा काठ, धारूरच्या किल्ल्याची तटबंदी, हत्तीखान्याचे खांब आणि आपल्या गावातले पडायला आलेले वाडे, यांचे पुरे फोटो काढून ठेवा. फाइलवर तारीख आणि गावाचं नाव लिहा. हे काम जिल्ह्यात राहणाऱ्यांनीच करायचं आहे.