टेबलावरच्या वागण्याचे शब्द

पट आणि माणसं : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण पटावरच्या वस्तूंची नावं पाहिली : मीपल, टाइल, टोकन. ती दोन-तीन डावांत आपोआप तोंडी बसतात. नवखा माणूस अडखळतो तो वेगळ्याच शब्दांपाशी. डाव संपल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘शेवटी किंगमेकिंग झालं’, किंवा डावाच्या मध्येच ‘ह्याला एपी झालाय’ असं कानावर येतं. हे शब्द पटाविषयी नाहीत, खेळणाऱ्यांच्या वागण्याविषयी आहेत. बोर्ड गेमच्या छंदातली सगळ्यात उपयोगाची भाषा हीच, असं मला वाटतं. ‘रडीचा डाव’, ‘कच्चं लिंबू’, ‘टाइमप्लीज’ म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला खेळाला असे शब्द का लागतात, हे सांगायला नकोच.

किंगमेकिंगपासून सुरुवात करू. क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटन’ १९९५ साली जर्मनीत आला आणि त्याच वर्षी त्याला तिथला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. यात जो आधी १० गुण गाठेल तो जिंकतो. समजा, दोघे ९ गुणांवर आहेत आणि तुम्ही ५ वर. पहिल्याची पाळी आहे. वस्तीचं शहर केलं की एक गुण वाढतो. त्यासाठी ३ खनिजं आणि २ गहू लागतात. त्याच्याकडे खनिजं पुरेशी आहेत, गहू एकच आहे आणि दुसरा तो तुमच्याकडे मागतो. दिलात तर डाव इथेच संपला. नाही दिलात तर पुढच्या पाळीला दुसरा जिंकणार, हे सगळ्यांना दिसतं आहे. तुम्ही स्वतः जिंकू शकत नाही, पण कोण जिंकणार हे तुमच्या हातात आहे. हेच किंगमेकिंग.

या क्षणी मनं दुखावतात. ‘तू मुद्दाम त्याला जिंकवलंस’ हे वाक्य मैत्रीत खुपतं. शब्द माहीत असला की दोष माणसावरून उठून परिस्थितीवर जातो. म्हणूनच मुरलेले गट डाव मांडण्याआधीच ठरवून टाकतात : शेवटपर्यंत स्वतःचे गुण वाढतील तीच चाल खेळायची, जुनी उणीदुणी काढायची नाहीत.

दुसरा शब्द ‘अल्फा प्लेअर’. मॅट लीकॉक यांच्या २००८ च्या ‘पँडेमिक’मध्ये सगळे खेळाडू एका बाजूला आणि चार रोग दुसऱ्या बाजूला असतात. पटावर आपली मुंबईही आहे. तिथे एकाच रोगाचे तीन ठोकळे साचले आणि चौथा ठेवायची वेळ आली, की साथ उसळून दिल्ली, चेन्नई आणि कराचीत पसरते. मग अनुभवी खेळाडूला राहवत नाही. ‘तू मुंबईला जा, ठोकळे काढ, तू तुझं कार्ड तिला दे.’ सल्ला बरोबर असतो, डाव जिंकलाही जातो, पण बाकीचे तिघे नुसते हातांनी सोंगट्या हलवतात. नवखा माणूस पुन्हा यायचा नाही, तर तो अशाच डावानंतर.

खेळ रचणाऱ्यांनी या दुखण्यावर नियमांतच औषध शोधलं. आंत्वान बोझा यांच्या ‘हनाबी’त आपले पत्ते आपण इतरांकडे तोंड करून धरायचे. आपला हात आपल्यालाच दिसत नाही आणि दुसऱ्याला इशारा देता येतो तो फक्त रंगाचा किंवा आकड्याचा, तोही मोजक्या वेळा. सगळी सूत्रं एकाच्या हाती जायला जागाच उरत नाही. या खेळाला २०१३ चा ‘श्पील देस यारेस’ मिळाला.

तिसरा शब्द ‘एपी’, म्हणजे अ‍ॅनालिसिस पॅरालिसिस : विचार करता करता चालच न सुचणं. याचं मूळ स्वभावात असतं तितकंच खेळातही. ॲलन मून यांच्या ‘तिकीट टू राइड’मध्ये पाळी आली की तीनच पर्याय असतात : डब्यांचे पत्ते उचला, मार्ग ताब्यात घ्या किंवा नवी तिकिटं घ्या. उवे रोझेनबर्ग यांच्या ‘अ‍ॅग्रिकोला’त शेत नांगरायचं, गुरं पाळायची, कुटुंब वाढवायचं आणि सुगीला सगळ्यांची पोटंही भरायची. शिवाय आपल्याला हवी ती जागा दुसरा आधी अडवेल ही धास्ती असतेच. इथे एपी झाला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘बरी वाटेल ती चाल खेळ, चुकली तर चुकली’ एवढा दिलासा पुरतो. आणि नवख्यांसमोर पहिला खेळ कोणता मांडायचा, तेही यावरून ठरतं.

‘रनअवे लीडर’ हा शब्द थोडक्यात : एक जण इतका पुढे निघून जातो की उरलेला डाव नावापुरता राहतो. फ्रीडेमान फ्रीझे यांच्या ‘पॉवर ग्रिड’मध्ये याची तजवीज आहे. जो आघाडीवर असतो तो इंधन सगळ्यात शेवटी विकत घेतो आणि तोवर भाव चढलेला असतो.

जुन्या खेळाडूंना एक कळकळीची विनंती. हे शब्द नवख्यांवर शिक्के मारण्यासाठी वापरू नका. ‘तू अल्फा आहेस’ म्हटलं की भांडण होतं; ‘आपल्या टेबलावर अल्फा होऊ द्यायचा नाही’ म्हटलं की तो सगळ्यांचा नियम होतो. आणि नवख्यांनो, शब्द कळला नाही तर डाव थांबवून बेधडक विचारा. चांगला गट त्यासाठी आनंदाने थांबतो. जो थांबत नाही तो तुमचा गट नव्हे.

(पुढील लेखांकात : वर्कर प्लेसमेंट, डेक-बिल्डिंग आणि खेळाच्या यंत्रणेचे इतर शब्द)