कल्याणचा काटकोन

पुण्याहून मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रेल्वेने गेलं की १९२ किलोमीटर होतात. नकाशावर पट्टी धरून मोजलं तर ही दोन स्थानकं एकमेकांपासून जेमतेम ११९ किलोमीटरवर आहेत. नववीच्या विज्ञानात ‘अंतर’ आणि ‘विस्थापन’ म्हणून शिकवतात ते हेच. तरी मुलं गोंधळतात, कारण व्याख्या पाठ होते, पण विस्थापन म्हणजे अंतराचंच छोटं रूप हा समज मनातून जात नाही. वाटेत किती चाललात, हे अंतर सांगतं. निघालात तिथून कुठे पोचलात, हे विस्थापन सांगतं, आणि त्याचं उत्तर दिशेशिवाय देताच येत नाही. म्हणून विस्थापनाचं गणित आकडेमोडीआधी कागदावर बाण काढूनच सुरू व्हायला हवं.

पुण्याची गाडी काही नाकासमोर मुंबईला जात नाही. लोणावळा, कर्जत करत ती आधी वायव्येला कल्याण गाठते आणि तिथून नैर्ऋत्येला वळून मुंबईत शिरते. रुळांवर पहिला टप्पा १३८ किलोमीटरचा, दुसरा ५४चा, बेरीज १९२. आता सरळ बाण काढू. पुणे ते कल्याण सुमारे ११० आणि कल्याण ते मुंबई सुमारे ४५. यांची बेरीज १५५ येते, पण मुंबई पुण्यापासून १५५ किलोमीटरवर नाही. वायव्य आणि नैर्ऋत्य यांच्यात काटकोन असतो, आणि कल्याणला हे बाण जवळजवळ तसेच मिळतात. ११०चा वर्ग १२,१००, ४५चा २,०२५. दोन्ही मिळून १४,१२५. त्याचं वर्गमूळ काढा, ११९च्या अगदी जवळ येतं! ‘पूर्वेला ४ किलोमीटर, मग उत्तरेला ३’ या नेहमीच्या गणितात ५ऐवजी ७ लिहिणारा विद्यार्थी १५५चीच चूक करत असतो. याच वाटेवर, कर्जत आणि लोणावळ्याच्या मधल्या बोरघाटात तर १९२९पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि ती उलट्या तोंडाने पुढचा घाट धरी. अशा ठिकाणी अंतर वाढतच जातं. विस्थापन मात्र घटूही शकतं.

व्यवहारी वाचक विचारील, तिकीट तर १९२ किलोमीटरचं काढतो, मग विस्थापन हवंय कशाला? शंका रास्त आहे. भाडं, रुळांची झीज, घर्षणात जाणारी ऊर्जा हे सगळं वाटेवरच अवलंबून असतं. गुरुत्वाकर्षणाला मात्र वाटेशी देणंघेणं नाही. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गात सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उंची गाठायची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर. म्हणून तर लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. हाच मार्ग आणखी वळणं देऊन दुप्पट लांब केला असता, तर चढ सौम्य झाला असता आणि एका वेळी जोर कमी लागला असता. तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं एकूण कार्य तेवढंच राहिलं असतं, कारण ते विस्थापनाच्या उभ्या भागावर, म्हणजे त्या साडेपाचशे मीटरवर ठरतं.

दुसरा आक्षेप शून्याबद्दलचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३०पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी पुणं सोडते आणि रात्री पुण्यात परत येते. ३८४ किलोमीटर धावून विस्थापन शून्य; हा धावणाऱ्यावर अन्याय नाही का? तसं वाटतं, कारण आपण विस्थापनाकडून श्रमांची पावती मागतो. ती अंतराकडे असते. शून्याचं म्हणणं एवढंच की गाडी सकाळी होती तिथेच आता आहे, आणि ते अगदी खरं आहे. फक्त सकाळची फेरी घेतली, तिला ३ तास १० मिनिटं धरली, तर सरासरी चाल ताशी सुमारे ६० किलोमीटर येते. सरासरी वेग, म्हणजे विस्थापन भागिले वेळ, ताशी साधारण साडेसदतीस, दिशा पश्चिम-वायव्य. पूर्ण दिवस घेतला तर सरासरी वेग शून्य, आणि तरी घाटातून धावताना त्या त्या क्षणी गाडीला वेग होताच. म्हणजे कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत, हे ठरल्याशिवाय विस्थापनाला अर्थच येत नाही. परीक्षेच्या कितीतरी गणितांत ही दोन टोकं वाक्यात दडलेली असतात. ती शोधून अधोरेखित करायची सवय लावली, तर पुढचं वर्गमूळ मुलं आपलं आपण काढतात.